विश्लेषण : जहाजावर हरलेला शोध मसल कारमध्ये कसा जिंकला? टॉर्क कन्व्हर्टरचे जनक हर्मन फोटिंगर कोण होते?

ऑटोमॅटिक गाडी सिग्नलला ‘डी’मध्ये उभी असते. इंजिन सुरू आहे, गिअर पडलेला आहे, क्लचचे पेडल तर गाडीत नाहीच. तरीही इंजिन बंद पडत नाही आणि ब्रेकवरचा पाय काढताच गाडी हळूच पुढे सरकते. हे ज्या भागामुळे घडते तो टॉर्क कन्व्हर्टर. अमेरिकेतल्या १९६०-७० च्या दशकांतील दणकट मसल कारमध्येही तोच आणि आज शोरूममधून निघणाऱ्या अनेक ऑटोमॅटिक कारमध्येही तोच. मात्र ज्या माणसाने तो शोधला त्याने तो मोटारीसाठी शोधलाच नव्हता. त्याच्यासमोर प्रश्न होता जहाजाचा. ती कहाणी आणि जुन्या मसल कारसाठी कन्व्हर्टर निवडताना त्याच कहाणीतला धडा कसा कामी येतो, ते समजून घेऊ.

पाणचक्कीपासून सुरुवात का?

छत्रपती संभाजीनगरकरांना टॉर्क कन्व्हर्टर समजावून सांगणे सोपे आहे, कारण आपल्याकडे पाणचक्की आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणले गेले. उंचीवरून ते पात्यांच्या चाकावर पडायचे, चाक फिरायचे आणि वरचे जाते दळण दळायचे. वाहत्या द्रवाने पात्याला ढकलले की फिरण्याचा जोर मिळतो, हे तत्त्व एवढेच.

आता कल्पना करा की डोंगराऐवजी एक पंप ते पाणी फेकतो आहे. पंप आणि चाक एकाच बंद डब्यात समोरासमोर बसवले आहेत आणि चाकावरून उतरलेले पाणी ओढ्यात न जाता पुन्हा पंपात येते. हा डबा म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचा गाभा. मोटारीत पाण्याच्या जागी तेल असते. पंप इंजिनला जोडलेला, चाक गिअरबॉक्सला. मध्ये लोखंडाला लोखंड भिडत नाही, म्हणून चाके थांबली तरी इंजिन फिरत राहू शकते.

फोटिंगर कोण होते?

हर्मन फोटिंगर यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८७७ रोजी जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे झाला. म्युनिकच्या तांत्रिक महाविद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले ते विद्युत अभियांत्रिकीचे. १८९९ मध्ये ते स्टेटिन येथील व्हल्कन या मोठ्या जहाजबांधणी कंपनीत रुजू झाले. हे स्टेटिन आज पोलंडमध्ये आहे.

तिथे त्यांचा पहिला मोठा विषय होता मोजमाप. चालत्या जहाजाचे इंजिन पंख्यापर्यंत प्रत्यक्षात किती शक्ती पोचवते, हे त्या काळी नेमके सांगता येत नसे. शक्ती वाहून नेताना पोलादी शाफ्टला किंचित पीळ बसतो. तो मोजण्याचे उपकरण फोटिंगर यांनी विकसित केले आणि डॉक्टरेटचा प्रबंधही याच विषयावर लिहिला. टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, हा त्यांच्या कामाचा केंद्रबिंदू असा सुरुवातीपासूनच होता.

जहाजांपुढे अडचण काय होती?

१८९७ मध्ये ब्रिटिश अभियंता चार्ल्स पार्सन्स यांनी ‘टर्बिनिया’ ही वाफेच्या टर्बाइनवर चालणारी बोट नौदलाच्या संचलनात सगळ्यांदेखत धावती केली. तिचा वेग पाहून जगभरच्या नौदलांना टर्बाइन हवे झाले. पण त्यात एक मोठी मेख होती.

टर्बाइन अतिशय वेगाने फिरले तरच वाफेचा पुरेपूर उपयोग होतो. जहाजाचा पंखा मात्र सावकाश फिरला तरच पाणी नीट ढकलतो. जास्त वेगात त्याच्याभोवती बुडबुडे तयार होतात आणि जोर वाया जातो. दोघांना एकाच शाफ्टवर बसवले तर दोघांनाही तडजोड करावी लागते. शिवाय टर्बाइन उलटे फिरत नाही, त्यामुळे जहाज मागे घेण्यासाठी वेगळे टर्बाइन लागते. एवढी प्रचंड शक्ती पेलणारे अचूक गिअर कापण्याचे तंत्र तेव्हा तयार नव्हते.

विद्युत अभियंता म्हणून फोटिंगर यांच्यापुढे सरळ मार्ग होता तो विजेचा. टर्बाइनने जनरेटर फिरवायचा आणि त्या विजेवर पंख्याची मोटार चालवायची. पण त्या यंत्रांचे वजन आणि खर्च जहाजाला झेपणारा नव्हता. मग त्यांनी विजेच्या जागी पाणी ठेवून पाहिले. जनरेटरऐवजी पंप, मोटारीऐवजी जलचक्र. इथेही एक अडथळा होता. पंप आणि जलचक्र नळांनी जोडले तर वळणे, घर्षण आणि भोवरे यांत खूप शक्ती जाते.

फोटिंगर यांनी नळच काढून टाकले. पंपाची पाती आणि चक्राची पाती एकाच कवचात इतकी जवळ आणली की एकातून निघालेले पाणी थेट दुसऱ्यात शिरावे. २४ जून १९०५ रोजी या कल्पनेचे पेटंट त्यांनी दाखल केले. तेव्हा त्यांचे वय होते २८.

कन्व्हर्टर टॉर्क वाढवतो कसा?

यात तीन भाग असतात. इंजिनला जोडलेला पंप, गिअरबॉक्सला जोडलेले टर्बाइन आणि दोघांच्या मध्ये बसवलेला स्टेटर. खरी करामत स्टेटरची आहे. टर्बाइनला ढकलून परतणारे तेल उलट्या दिशेने वाहत असते. ते तसेच पंपात गेले तर पंपाला अडवेल. स्टेटरची स्थिर पाती ते वळवून पंपाच्या फिरण्याच्या दिशेला लावून देतात. तेल वळवताना स्टेटरवर जो दाब येतो तो तो आपल्या आधारावर टेकवतो आणि तेवढा जास्तीचा टॉर्क टर्बाइनला मिळतो.

मोटारीच्या कन्व्हर्टरमध्ये गाडी उभी असताना हा टॉर्क साधारण दुप्पट किंवा त्याहून थोडा जास्त होतो. यात शक्ती वाढत नाही. टॉर्क वाढतो तो वेगाच्या मोबदल्यात आणि काही शक्ती तेल तापवण्यात जाते. स्टेटर काढून टाकला तर उरते ती नुसती फ्लुइड कपलिंग. ती जेवढा टॉर्क घेते तेवढाच देते.

मग जहाजांनी पाठ का फिरवली?

१९०९ च्या सुमारास प्रायोगिक बोटीवर हे यंत्र यशस्वी ठरले. १९१३ मध्ये हॅम्बर्गच्या व्हल्कन गोदीत बांधलेल्या ‘क्योनिगिन लुईझ’ या प्रवासी जहाजावर ते बसवण्यात आले. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. सहलीचे हे जहाज सुरुंग पेरण्यासाठी वापरले गेले आणि ५ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटिश युद्धनौकांनी ते बुडवले. त्या युद्धात जर्मन नौदलाने गमावलेले ते पहिले जहाज. त्याने पेरलेल्या सुरुंगांमुळे दुसऱ्या दिवशी ‘अ‍ॅम्फियन’ ही ब्रिटिश युद्धनौका बुडाली.

पण फोटिंगर यांच्या यंत्राचा खरा पराभव युद्धात नव्हे, वर्कशॉपमध्ये झाला. याच काळात पार्सन्स यांनी ‘व्हेस्पेशियन’ या मालवाहू जहाजावर टर्बाइनला अचूक कापलेले गिअर जोडून दाखवले. कन्व्हर्टरची कार्यक्षमता उत्तम स्थितीत ९० टक्क्यांच्या आसपास जात होती. गिअरची त्याहून बरीच जास्त होती. आठवडेच्या आठवडे एकाच वेगाने जाणाऱ्या जहाजाला कोळशाची ही बचत सोडणे शक्यच नव्हते. ज्या प्रश्नासाठी शोध लागला, त्या प्रश्नाला दुसऱ्याने स्वस्त उत्तर शोधले होते.

फोटिंगर यांनी पुढे काय केले?

१९०९ मध्येच ते डान्झिगच्या तांत्रिक विद्यापीठात प्राध्यापक झाले होते. हे शहर म्हणजे आजचे पोलंडमधील ग्दान्स्क. १९२४ मध्ये ते बर्लिनला गेले आणि द्रवांच्या प्रवाहाचे शास्त्र व टर्बाइन-पंपांसारखी यंत्रे हा विषय शिकवू लागले. पंख्याभोवतीचे बुडबुडे, भोवरे, प्रवाहातील अडथळे यांवर त्यांचे संशोधन सुरू राहिले. त्यांच्या नावावर शंभराहून अधिक पेटंट आहेत.

दरम्यान, त्यांच्या जुन्या शोधाने जमिनीवर पाय रोवायला सुरुवात केली होती. १९२० च्या दशकात ब्रिटनमध्ये हॅरोल्ड सिंक्लेअर यांनी फ्लुइड कपलिंग बसमध्ये आणण्याचे काम हाती घेतले. थांबत-निघत जाणाऱ्या लंडनच्या बसला क्लचचे धक्के बसू नयेत, हा हेतू होता. १९३० मध्ये डेमलर कंपनीने ती आपल्या गाड्यांत दिली. १९२८ मध्ये जर्मनीतील कार्ल्सरुह येथील अभियंत्यांच्या गटाने स्टेटर एकाच दिशेने फिरू शकेल अशी रचना केली. तिचे नाव ट्रायलॉक. गाडी निघताना स्टेटर स्थिर राहून टॉर्क वाढवतो आणि वेग आला की तेलाबरोबर मोकळा फिरून अडथळा कमी करतो. आजच्या मोटारींतील कन्व्हर्टर याच रचनेचे वंशज आहेत.

जहाजाला जे नको होते तेच मोटारीला हवे होते, हे इथे लक्षात घ्यायला हवे. जहाज एकदा निघाले की एका वेगाने जाते. मोटार दर काही मिनिटांनी शून्यावर येते आणि प्रत्येक वेळी तिला निघताना जास्तीचा टॉर्क लागतो.

त्यांचा शेवट कसा झाला?

जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबील गाड्यांत फ्लुइड कपलिंग असलेली ‘हायड्रामॅटिक’ ऑटोमॅटिक प्रणाली दिली. दुसऱ्या महायुद्धात ब्युइकने बांधलेल्या ‘हेलकॅट’ या रणगाडाविरोधी वाहनात टॉर्क कन्व्हर्टर होता. म्हणजे जर्मन शोध जर्मनीविरुद्धच्या लढाईत उतरला होता.

फोटिंगर तेव्हा बर्लिनमध्येच होते. सोव्हिएत फौजा शहरात शिरल्या असताना २८ एप्रिल १९४५ रोजी तोफगोळ्याचा तुकडा लागून त्यांचा मृत्यू झाला. वय ६८. युरोपातील युद्ध संपायला जेमतेम दहा दिवस उरले होते. तीन वर्षांनी, १९४८ मध्ये ब्युइकची ‘डायनाफ्लो’ बाजारात आली आणि टॉर्क कन्व्हर्टर सर्वसामान्य ग्राहकाच्या मोटारीत पोचला. ते पाहायला फोटिंगर नव्हते.

भारतात हा शोध कुठे दिसतो?

रेल्वेत. भारतीय रेल्वेतील अभियंता मनमोहन सुरी यांनी डिझेल इंजिनांसाठी ‘सुरी ट्रान्समिशन’ तयार केले. निघताना आणि कमी वेगात कन्व्हर्टर, वेग आल्यावर यांत्रिक जोड, असा त्याचा मेळ होता. कन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी शक्ती वाचवण्याचा हा मार्ग होता. सुरी यांना १९६२ मध्ये अभियांत्रिकीसाठी शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. पुण्याच्या किर्लोस्कर न्यूमॅटिकमध्ये सुरी ट्रान्समिशन तयार होत असे आणि चित्तरंजनला बनलेल्या डब्ल्यूडीएस-४ या शंटिंगच्या डिझेल इंजिनांत ते बसवले जाई.

आणखी जवळचे उदाहरण हवे असेल तर रस्त्याच्या कामावरचा बॅकहो लोडर पाहा, ज्याला आपण सरसकट जेसीबी म्हणतो. ढिगाऱ्यात बकेट घुसवताना चाके जवळजवळ थांबतात, तरी इंजिन बंद पडत नाही. तिथेही कन्व्हर्टरच काम करत असतो.

मसल कारसाठी कन्व्हर्टर निवडताना काय पाहावे?

मोठे व्ही-८ इंजिन मध्यम आकाराच्या गाडीत बसवायचे, ही मसल कारची व्याख्या. १९६४ ची पाँटिअ‍ॅक जीटीओ हे तिचे ठळक उदाहरण. सुरुवातीच्या ऑटोमॅटिक जीटीओला दोनच गिअर होते. १९६७ मध्ये तिला तीन गिअरची टर्बो-हायड्रामॅटिक ४०० मिळाली. क्रायस्लरच्या गाड्यांत टॉर्कफ्लाइट असे. अशी गाडी पुन्हा उभी करताना हमखास चुकणारी निवड म्हणजे कन्व्हर्टर. इंजिनवर लाखो रुपये खर्च होतात आणि कन्व्हर्टर हाताला लागेल तो बसवला जातो.

पाहायची मुख्य गोष्ट म्हणजे ‘स्टॉल स्पीड’. गाडी जागेवर धरून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला तर इंजिन जास्तीत जास्त किती फेऱ्यांपर्यंत चढते, तो हा आकडा. मूळ गाड्यांत तो साधारण मिनिटाला १,६०० ते २,००० फेरे असायचा. स्टॉल स्पीड कन्व्हर्टरचा एकट्याचा गुण नाही. तोच कन्व्हर्टर जास्त टॉर्कच्या इंजिनमागे बसवला तर आकडा वाढतो.

पहिला प्रश्न इंजिनचा. मूळ कॅमशाफ्ट असेल तर इंजिन खालच्या फेऱ्यांतच जोर देते, त्याला मूळ स्टॉल पुरतो. शर्यतीचा कॅमशाफ्ट बसवला की जोर वर सरकतो आणि खाली इंजिन अडखळते. अशा इंजिनला जोराच्या पट्ट्यापर्यंत लगेच चढू देणारा, म्हणजे जास्त स्टॉलचा कन्व्हर्टर लागतो. रस्त्यावरच्या सौम्य बदलांना साधारण २,००० ते २,५००, तर तीव्र कॅमशाफ्टला ३,००० किंवा अधिक. कॅमशाफ्ट बनवणाऱ्याने दिलेला फेऱ्यांचा पट्टा इथे मार्गदर्शक असतो.

दुसरा प्रश्न व्यासाचा. कन्व्हर्टर किती टॉर्क पेलतो, हे व्यासाच्या पाचव्या घातावर आणि फेऱ्यांच्या वर्गावर अवलंबून असते. १२ इंचांऐवजी १० इंचांचा कन्व्हर्टर घेतला तर त्याच फेऱ्यांना तो फक्त ४० टक्के टॉर्क पेलतो. बाकी रचना तीच धरली तर १,८०० चा स्टॉल २,८०० च्या पुढे जातो. दोन इंचांचा फरक किरकोळ वाटतो, पण गाडीचा स्वभाव बदलतो. पात्यांचे कोन आणि स्टेटरची घडणही आकडा बदलतात, म्हणून फक्त व्यास पाहून निर्णय घेऊ नये.

तिसरा प्रश्न मागच्या अ‍ॅक्सलचा. समजा टायरचा व्यास २६ इंच, शेवटचा गिअर थेट आणि अ‍ॅक्सलचे गुणोत्तर २.७३ आहे. ताशी ८० किलोमीटरला इंजिन घसरण न धरता सुमारे १,७५० फेरे करते. गुणोत्तर ३.५५ असेल तर सुमारे २,२८०. पहिल्या गाडीत २,८०० स्टॉलचा कन्व्हर्टर बसवला तर महामार्गावरही तो कायम घसरत राहील. पेट्रोल जास्त जाईल आणि तेल तापेल. गाडी जड असेल, तर निघताना आणि चढावर हा त्रास आणखी वाढतो.

चौथा प्रश्न उष्णतेचा आणि हा आपल्याकडे सर्वांत महत्त्वाचा. गाडी जागेवर असताना कन्व्हर्टरमध्ये जाणारी सगळी शक्ती तेल तापवते. इंजिन २,००० फेऱ्यांना ३०० न्यूटन-मीटर टॉर्क देत असेल तर ती सुमारे ६३ किलोवॉट होते. तीन किलोवॉटचे वीसहून अधिक गिझर त्या डब्यात एकाच वेळी सुरू आहेत, असे समजा. म्हणून स्टॉलची चाचणी काही सेकंदांपेक्षा जास्त वेळ करू नये आणि गाडीपुढे कुणी उभे असताना तर मुळीच करू नये. स्टॉल वाढवला की तेलाचा वेगळा कूलर हवाच. मेमधली दुपार, सोबतीला कन्नडच्या औट्रम घाटाची चढण आणि पुढे रेंगाळणारी वाहने, अशा वेळी कमकुवत कूलरची गाडी आधी गिअरबॉक्स गमावते.

पाचवा प्रश्न लॉकअपचा. वेग आल्यावर पंप आणि टर्बाइन क्लचने थेट जोडणारी ही सोय पॅकार्डने १९४९ मध्ये दिली होती. बहुतेक मसल कारच्या मूळ गिअरबॉक्समध्ये ती नाही. गिअरबॉक्स बदलणार असाल आणि लांबचा प्रवास करणार असाल तर लॉकअपचा कन्व्हर्टर घ्यावा. घसरण थांबते, तेल थंड राहते.

म्हणजे नेमका सल्ला काय?

आधी गाडी कशासाठी वापरणार ते ठरवा. मग कॅमशाफ्ट, वजन, अ‍ॅक्सल, टायर आणि गिअरबॉक्स यांची माहिती एका कागदावर लिहा आणि तो कागद घेऊनच कन्व्हर्टर बनवणाऱ्याकडे जा. दोन पर्यायांत अडकलात आणि गाडी रोजच्या रस्त्यावर चालवायची असेल तर कमी स्टॉलचा पर्याय घ्या. सर्वांत मोठा आकडा म्हणजे सर्वांत चांगला कन्व्हर्टर नव्हे.

स्टेटिनच्या गोदीत १९०५ मध्ये फोटिंगर यांनी हेच केले होते. टर्बाइनला कोणता वेग मानवतो आणि पंख्याला कोणता, हे आधी मोजले आणि दोघांना जुळवून घेणारे यंत्र त्यानंतर काढले. गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या जुन्या व्ही-८ गाडीलाही आधी ते मोजमापच लागते.